धारेच्या वेळेचा फोन

नटवी म्हशीनं पान्हा चोरायला सुरुवात केली ती घरची बाई गेली त्याच दिवसापासून. गेली म्हणजे भलतंसलतं मनात आणू नका, लेकीकडे गेली, शहरात. चुलीपुढे बसल्या बसल्या ती कलंडली, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. दवाखाना झाला, सलाईन झालं, आणि मग डॉक्टर म्हणाले की रोज व्यायाम करून घेणारं माणूस तुमच्या गावात मिळायचं नाही, हिला शहरातच ठेवा. लेक गाडी घेऊन आली. गाडीत बसवताना बाईनं डाव्या हातानं दार धरलं ते सोडेचना. शब्द फुटत नव्हता, पण नजर सारखी गोठ्याकडे. नवऱ्याला कळायचं ते कळलं. "सांभाळतो तिला," एवढंच तो म्हणाला. तेव्हा कुठं तिनं दार सोडलं.

हा नवरा म्हणजे गावाचा घुम्या. आईबापांनी ठेवलेलं नाव असेल कागदोपत्री, पण हाक मारायला कुणाला लागलं नाही. बोललं तर जिभेला फोड येतात की काय अशी त्याची तऱ्हा. लग्न ठरवतानासुद्धा पठ्ठ्यानं नुसती मान हलवली होती. आणि बायको मिळाली ती अशी, की तिला गाव रेडिओ म्हणायचं. पहाटे सुरू व्हायची ती अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. माणसांशी बोलायची, कोंबड्यांशी भांडायची, उतू जाणाऱ्या दुधाला दम भरायची. बोलण्याचं काम तिचं, ऐकण्याचं याचं. सगळा संसार असा झाला आणि त्यात कुणाचं काही अडलं नाही.

आता अडत होतं. घरात एवढी शांतता झाली की वाटी पडली तरी घुम्या दचकायचा. स्वतःपुरतं काहीतरी शिजवायचा, भांड्यातच खायचा आणि भांडं पालथं घालायचा. दिवस दिवस तोंडातून शब्द जात नसे. आधीही जात नव्हता म्हणा. पण आधी तो गप्प असायचा तेव्हा गप्प कोण आहे हे बघायला समोर कुणीतरी असायचं.

आणि त्यात ही नटवी. काळी कुळकुळीत, शिंगं मागे वळलेली, चालताना ठुमकत चालणारी, म्हणून नटवी. तिचं रेडकू थंडीत दगावलं होतं. रेडकू मेलं की म्हैस आटते, पण बाईनं तिला बोलून बोलून दुधावर ठेवली होती. कोमट पाण्यानं कास धुवायची, चरवीच्या काठावर बोटाच्या पेरानं टक टक करायचं आणि मग सुरू व्हायचं, "ये गं नटवे, ये. आले मी. सोड गं, सोड माझी बाय." ते ऐकलं की नटवी कान पाडायची, डोळे अर्धे मिटायची आणि सड भरून यायचे. घुम्या तेव्हा दारात उभा असायचा, वैरणीची पेंढी हातात घेऊन, खांबासारखा.

आता तो स्वतः बसायचा. कास धुवायचा, टक टक करायचा, सड ओढायचा. नटवी मान वळवून त्याच्याकडे बघायची आणि दूध वर ओढून घ्यायची. चरवीचा तळ कसाबसा ओला व्हायचा. वरून उन्हाळा असा की विचारू नका. हिरवा चारा कधीच संपला होता. विहिरीचं पाणी खोल गेलेलं, बादली ओढता ओढता खांदे भरून यायचे. कोरडा कडबा तोडून तोडून तळहाताची सालं निघाली. सगळं करायचं आणि धारेला बसलं की बाईसाहेबांनी तोंड फिरवायचं!

कुणीतरी सांगितलं, बाईची शाल अंगावर घेऊन बस, वासानं फसेल. घुम्यानं तेही केलं. बायकोची जुनी हिरवी शाल डोक्यावरून घेतली, तोंड झाकलं आणि बसला. नटवीनं शाल हुंगली, फुर्रर केलं आणि लाथ मारली. चरवी एकीकडे, घुम्या दुसरीकडे. नेमका त्याच वेळी दुधाचा टेम्पोवाला दारात. "काय वहिनी, लागलं नाही ना?" म्हणाला आणि हसता हसता खाली बसला. दुपारपर्यंत गावभर झालं. पाराकडून जाताना घुम्याला 'वहिनी' ऐकू आलं. त्यानं मान खाली घातली आणि पाय उचलला.

मग हेडी आला. जनावरांच्या खरेदीविक्रीतला माणूस, त्याला वास आधी लागतो. नटवीभोवती फिरला, कासेला हात लावला, दात बघितले. "आटत चालली," म्हणाला. "एकदा आटली की मग मला फुकट दिलीस तरी नको. आत्ता बोल."

घुम्या कडबा तोडत राहिला.

"तिच्यासाठी थांबलायस होय? ती आता परत येऊन धार काढणारे का? शहाणपण कर जरा."

घुम्यानं कोयता जरा जोरात मारला. हेडी समजला आणि गेला, पण जाताना म्हणाला, "येतो परत."

त्या दुपारी घुम्या गोठ्यात बसून फोनमधला व्हिडिओ बघत होता. थंडीत लेक आली होती तेव्हा तिनं काढलेला, आईचा, धार काढताना. तोच एक होता. एरवी तो घरात बघायचा, रोज जेवणानंतर, कुणाला न सांगता. "ये गं नटवे, ये," बाई फोनमधून बोलली आणि मागे साखळी वाजली. घुम्यानं वळून बघितलं. नटवी उठून उभी. कान त्याच्या हाताकडे. आणि सडांतून थेंब थेंब दूध जमिनीवर टपकत होतं.

घुम्या उडालाच. चरवी घेऊन धावला, तर तोवर व्हिडिओ संपला. परत लावला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सड. फोन ओल्या बोटाला दाद देईना. पडदा काळा पडला. परत चालू केला, तर फोन निसटून शेणात. नटवीनं दूध वर घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो शेणात पडलेला फोन घेऊन फाट्यावर गेला. तिथे पत्र्याच्या टपरीत एक बाई मोबाईल दुरुस्त करायची. मोबाईलवालीच म्हणायचे तिला. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि जीभ त्या चिमट्याहून धारदार. तिनं फोन उघडला, वास घेतला आणि म्हणाली, "काका, हा फोन आहे की गोवरी?"

ती फोन साफ करत होती तेव्हा शेजारी एक ट्रॅक्टरवाला बसला होता. त्याचा फोन वाजला आणि आतून त्याच्याच ट्रॅक्टरचा भोंगा निघाला. घुम्या बघत राहिला.

"रिंगटोन," मोबाईलवाली म्हणाली. "मीच करून दिली. कुणी पोराचं हसणं लावतं, कुणी कुत्र्याचं भुंकणं. हवा तेवढा आवाज कापायचा आणि लावायचा. समोरच्यानं फोन केला की तो वाजतो. उचलेपर्यंत वाजतच राहतो."

"वाजत राहतो?" घुम्यानं विचारलं. ट्रॅक्टरवाल्यानं चमकून बघितलं. घुम्याचा आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला असावा.

"नाही उचलला तर वाजतच राहतो. मग बंद पडतो, मग त्यांनी परत लावला की परत."

हात लावायला नको! धार काढताना दोन्ही हात मोकळे. घुम्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो ट्रॅक्टरवाला जाईपर्यंत थांबला आणि मग व्हिडिओ काढून तिच्यापुढे धरला.

"यातला आवाज कापून देते, दोन मिनिटांचं काम," ती म्हणाली.

"मी कापतो. शिकव."

तिनं भिंग वर केलं. "तुम्ही?"

घुम्यानं मान हलवली. त्यात तसंच कारण होतं. त्या व्हिडिओत शेवटी शेवटी बायको त्याला बोलली होती. ते परक्या माणसाच्या कानावर पडावं असं त्याला वाटत नव्हतं.

मोबाईलवालीनं व्हिडिओतून आवाज वेगळा काढून दिला, त्याच्या कानात वायरी घातल्या आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघा आवाजाची रेघ. बोललं की उंच, गप्प बसलं की सपाट. हा डावीकडचा खुंटा, इथून सुरू. हा उजवीकडचा, इथे संपणार. दोन्ही खुंट्यांच्या मधलं तेवढं ठेवायचं, बाकी बाहेर. मूळ आवाज फोनमध्ये तसाच राहतो, घाबरू नका."

खुंटे त्याला समजले. जन्म गेला होता खुंटे ठोकण्यात. पण बोट चालेना. कोयत्यानं, दोरानं त्याच्या बोटांची कातडी अशी जाड झालेली की पडद्याला ती कळतच नव्हती. दाबलं की काही नाही, जोरात दाबलं की खुंटा रेघेच्या पार दुसऱ्या टोकाला. "काका, नांगर नाही धरायचा, हळू!" मोबाईलवाली हसायची. शेवटी त्यानं करंगळी वापरली. करंगळी तेवढी मऊ राहिली होती.

त्याला तीन-चार दुपारी लागल्या. रोज टपरीच्या बाकावर बसायचा, कानात वायरी, पाठ रस्त्याकडे. मोबाईलवालीही मग चिडवायची थांबली, पाण्याचा तांब्या तेवढा त्याच्याजवळ सरकवून ठेवायची. रेघ त्याला पाठ झाली. ही टक टक, दोन बारीक टोकं. मग "ये गं नटवे," ही टेकडी. मग तिनं श्वास घेतला तो लहानसा उंचवटा. सगळ्या उंच रेघा तिच्याच. तो स्वतः त्या गोठ्यात पूर्ण वेळ उभा होता, पण रेघेत कुठं दिसत नव्हता. एके ठिकाणी खोकला होता, तेवढाच त्याचा. बाकी तिनं बोलणं थांबवलं की रेघ सपाट. त्या सपाट रेघेकडे बघताना त्याला कसंसंच झालं.

आणि शेवटी ते. "आणि तुम्ही काय बघताय खांबासारखे? बोला की काहीतरी! तोंडाला कुलूप लावलंय का?" लेकीचं हसणं, आणि संपलं.

हे ठेवलं आणि चारचौघांत फोन वाजला तर? आधीच वहिनी झाली होती, आता आणखी कशाला. त्यानं उजवीकडचा खुंटा करंगळीनं मागे आणला, "सोड माझी बाय" याच्या पुढे रोवला आणि बाकीचं बाहेर काढलं.

"सगळ्यांच्या फोनला लावू की एकाच नंबराला?" मोबाईलवालीनं विचारलं.

घुम्यानं विचार केला. त्याला फोन करणारं दुसरं होतं कोण?

"सगळ्यांना," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यानं लेकीला फोन लावला. लेकीला नवलच वाटलं. बाबांनी आपण होऊन फोन करावा असं कधी झालं नव्हतं. घुम्या म्हणाला, "आईला सांग, सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळेला मला फोन लावत जा म्हणावं."

"आईनं लावायचा? बाबा, ती बोलू शकत नाही."

"बोलायला नको. नुसता लावायचा."

 लेकीचा आवाज ओला झाला. "बरं बाबा. व्यायामाच्या बाई म्हणतातच, उजव्या हाताच्या बोटानं काहीतरी दाबायला द्या. तिच्याजवळ एक फोन ठेवते, त्यावर तुमचा फोटो लावून देते. त्यावर दाबलं की तुम्हाला लागेल."

आता इथे घुम्यानं दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती. बाई गं, मी असा असा आवाज कापला आहे, त्यानं नटवी पान्हा सोडते, म्हणून मी फोन उचलणार नाही. एवढं बोलला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण घुम्या तो घुम्या. "बरं," म्हणाला आणि ठेवून दिला.

सकाळी त्यानं फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, गोठ्याच्या खिळ्याला अडकवला, कास धुतली आणि वाट बघत बसला. उजाडता उजाडता फोन वाजला.

टक टक. "ये गं नटवे, ये. आले मी. सोड गं, सोड माझी बाय."

नटवीनं कान पाडले. डोळे अर्धे मिटले. घुम्यानं सडाला हात घातला आणि चरवीत अशी सणसणीत धार पडली की त्याच्या अंगावर काटा आला. आवाज वाजत होता, धार पडत होती. फोन थांबला, क्षणभरानं परत वाजला. परत थांबला, परत वाजला. बघा, धार पुरी होईपर्यंत लावतेय, घुम्याच्या मनात आलं. एवढी आजारी, पण म्हशीची आठवण आहे! चरवीला फेस आला. त्यानं नटवीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि तसाच बसून राहिला.

मग रोजचं झालं. उजाडताना एकदा, दिवेलागणीला एकदा. टेम्पोवाल्यानं भरलेली चरवी बघितली आणि 'वहिनी' म्हणायचं सोडलं. घुम्या आता धारेच्या आधी तोंड धुवायचा, केसांवरून ओला हात फिरवायचा. कशासाठी, ते त्यालाच माहीत. त्याच्या मनात एक चित्र पक्कं होतं. तिकडे खाटेवर ती बसलीय, कानाला फोन, आणि इथे गोठ्यात जे वाजतंय तेच तिला तिकडे ऐकू येतंय. तिचाच आवाज, धडधाकट, पूर्वीचा. ऐकून ती हसत असेल. वाकड्या तोंडानं का होईना, हसत असेल. फोन वाजवतो कोण, वाजतो कुठे, कानाला काय लागतं, हे कुणी त्याला कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं.

पुढे तिचे फोन कमी झाले. आधी ती तीनतीनदा लावायची, मग दोनदा, मग एकदाच. वेळही चुकायला लागली. घुम्या पिशवीतल्या फोनकडे बघत उकिडवा बसायचा, नटवी त्याच्याकडे बघायची. थकत असेल बिचारी, तो मनाशी म्हणायचा. मग एका संध्याकाळी फोन वाजलाच नाही. अंधार पडला, डास उठले, नटवीनं पाय आपटले. सकाळीही नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. त्यानं व्हिडिओही लावून बघितला, पण तो संपला की नटवी दूध वर घ्यायची. चरवी कोरडी. नटवीची कास दुधानं दगडासारखी झाली आणि ती हात लावू देईना.

लेकीला विचारावं? पण विचारायचं काय? तिथे काही भलतंच झालं असलं आणि तेच ऐकावं लागलं तर? फोन हातात घ्यायचा आणि परत खिळ्याला अडकवायचा, असं त्यानं कितीदा केलं.

हेडी बरोबर त्याच दिवसांत हजर. कास बघितली आणि चुकचुकला. "सड बसणार हिचे, दूध कायमचं बंद. मग कसायाशिवाय कुणी नाही. मी निदान चांगल्या घरी देईन. उद्या सकाळी गाडी आणू?"

घुम्या नटवीकडे बघत होता. सांभाळतो, असा शब्द त्यानं दिला होता. उभ्या जन्मात दिलेल्या शब्दांत तोच काय तो मोठा. ती दुखण्यानं पाय बदलत होती, एकदा हा, एकदा तो. तिचे हाल त्याला बघवेनात. त्यानं मान हलवली. हेडीला तेवढं पुरलं.

हेडी गेला आणि दुपार तापली. घुम्या सावलीला बसून होता, तेवढ्यात गोठ्यात फोन वाजला. "ये गं नटवे, ये." घुम्या चरवी घेऊन असा धावला की पायातली चप्पल दारात राहिली. नटवीच्या सडांतून दूध सुटलंच होतं. तो बसला, ओढायला लागला. फोन थांबला, परत वाजला. परत. परत. धार आटोपली तरी वाजत राहिला. अवेळी, आणि थांबायचं नाव नाही.  त्यानं हात धोतराला पुसले, पिशवी ओरबाडली आणि करंगळीनं फोन उचलला.

"बाबा!" लेक होती, आणि ती ओरडतच होती. "फोन का उचलत नाही तुम्ही?"

"आई..."

"आई आहे. जिवंत आहे. पण तुम्ही केलंत काय हे? मी पहाटे कारखान्यात जाते, रात्र पडल्यावर येते. मला वाटलं, तुम्ही दोघं रोज बोलताय. म्हणजे तुम्ही बोलताय आणि ती ऐकतेय. मी कारखान्यात सगळ्यांना सांगत होते, माझे बाबा बोलायला लागले म्हणून! आज सुट्टी काढली तर बघते काय, आई फोनला हातच लावत नाही. भिंतीकडे तोंड करून पडते. दिवसा तिच्याजवळ असतात त्या शेजारच्या काकूंनी आज सांगितलं, ती रोज त्या मेल्या बोटानं दाबायची बाबा. एकदा दाबायला तिला किती वेळ लागतो, बघितलंय तुम्ही? घामानं भिजायची. मग कानाला लावून बसायची आणि तुम्ही उचलायचाच नाही. परत दाबायची. परत नाही."

घुम्याच्या हातातली चरवी खाली टेकली.

"पण तिला तिचा आवाज ऐकू येतो ना?" त्यानं विचारलं. "इथे वाजतो तो. नटवीला बोलवताना."

"कुठला आवाज?"

घुम्यानं सांगितलं. तुटक तुटक, अडखळत. व्हिडिओ, मोबाईलवाली, खुंटे, पान्हा. लेक ऐकत होती. तिचा राग ऐकता ऐकता खाली बसला, आणि तेच घुम्याला जास्त लागलं.

"अहो बाबा," ती हळू म्हणाली, "इकडे ते काही ऐकू येत नाही. इकडे नुसतं टूं टूं वाजतं. आणि मग कंपनीची बाई सांगते, ते उत्तर देत नाहीत."

 इतके दिवस. सकाळ-संध्याकाळ. ती तिकडे घामानं भिजून बोट दाबत होती, आणि तो इकडे म्हशीच्या पोटाला डोकं टेकून सुखात बसला होता. परत वाजला की खूश होत होता! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"बाबा? आहात का?"

"आहे."

"आता तरी बोला तिच्याशी."

"संध्याकाळी," तो कसाबसा म्हणाला. "धारेला. मी लावतो."

मग तो गोठ्यातच बसला आणि फोनमधला मूळ आवाज काढला. रेघ पडद्यावर आली. उंच, सपाट, उंच. दोनदा खुंटा करंगळीखालून निसटला. तिसऱ्यांदा त्यानं तो सावकाश ओढत ओढत शेवटच्या टेकडीच्या पार नेला आणि तिथे सोडला. दाबून पक्कं केलं आणि मोबाईलवालीनं दाखवलं होतं तसं रिंगटोनला लावलं.

दिवेलागणीला त्यानं कास धुतली, लेकीनं सांगितल्याप्रमाणे फोन मोठ्या आवाजावर ठेवला, खिळ्याला टांगला आणि लावला. टूं टूं. टूं टूं. एवढंच ऐकायची ती. मग लेक म्हणाली, "घ्या, तिच्या कानाला लावलाय."

घुम्यानं तोंड उघडलं. काही येईना. तिकडून श्वास ऐकू येत होता, जड, ओढल्यासारखा. त्याला वाटलं, बोललो नाही तर ती परत भिंतीकडे वळेल.

"मी आहे," तो म्हणाला. "इथेच आहे. गोठ्यात."

श्वास.

"माझं चुकलं. मला वाटलं, तुला ऐकू येतं. मी गाढव."  मग पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून समोर जे दिसत होतं तेच सांगायला लागला. "नटवी बरी आहे. जरा वाळलीय. कडबाच खातेय, हिरवं नाही कुठं. विहीर खोल गेली. तुझी तांबडी कोंबडी अंडी परड्यात घालते, मला सापडत नाहीत. शाल मी घेतली होती तुझी, नटवीनं लाथ मारली. गाव वहिनी म्हणत होतं मला." आणि बोलता बोलता त्यानं सवयीनं सडाला हात घातला.

फोनमधून टक टक आलं. काचेवर नख आपटल्यासारखं. घुम्या थांबला. परत टक टक.

चरवी वाजवायची राहिली होती.

"हो, हो, वाजवतो," तो म्हणाला आणि त्यानं चरवीच्या काठावर पेर आपटलं. त्याचा आवाज फुटला होता, पण तो थांबला नाही. "ये गं नटवे," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. "ये. तुझी बाई ऐकतेय बघ. सोड गं, सोड."

नटवीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग कान पाडले.

सकाळी हेडी गाडी घेऊन आला तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. घुम्या गोठ्यात बसलेला, फोन खिळ्याला. "सोड तिला, चढवूया," हेडी म्हणाला. घुम्यानं हात वर करून त्याला थांबवलं. काल तिनं नख वाजवलं होतं, पण तेव्हा फोन यानं लावला होता. आज ती लावेल की नाही? इतक्या वेळा फसल्यावर कोण लावेल? तो पिशवीकडे बघत राहिला. बाहेर गाडीचं इंजिन घरघरत होतं. हेडी वैतागून दोरीला हात घालणार, तेवढ्यात फोन वाजला.

टक टक. "ये गं नटवे, ये. आले मी. सोड गं, सोड माझी बाय." घुम्या ताडकन उभा राहिला, पण लगेच उचलला नाही. पुढचं येऊ दिलं. "आणि तुम्ही काय बघताय खांबासारखे? बोला की काहीतरी!"

हेडी तोंड वासून फोनकडे बघत होता.

घुम्यानं ओला हात धोतराला पुसला आणि करंगळीनं फोन उचलला.

"बोलतोय गं," तो म्हणाला. "हेडी आलाय. त्याला परत पाठवतो आणि मग सगळं सांगतो. अगदी कालपासून सांगतो. तू ठेवू नकोस."

तिकडून काही आलं नाही, नुसता श्वास. तो खाली बसला, चरवी मांडीत घेतली आणि बोलत राहिला.